ताईच्या नावाची गोळी

बसस्थानकावर रोज हजारो माणसं ताईचा आवाज ऐकत, पण तिचा चेहरा त्यांतल्या दहा जणांनीही पाहिलेला नसेल. नियंत्रकाच्या खोलीला लागून काचेची एक लहानशी खोली होती. त्यात एक टेबल, एक माइक, एक लाल बटण आणि ताई. "फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी पाच मिनिटांत सुटेल" हे वाक्य तिने एकतीस वर्षं म्हटलं. आवाज असा ठाम, की तासभर उशिरा आलेल्या गाडीलाही आपण वेळेवर आलोय असं वाटावं. पोट मात्र त्या आवाजाला अजिबात साथ देत नसे.

दोन घोषणांमध्ये चार मिनिटं, फार तर सात. काचेच्या खोलीतून जिना उतरून कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहापर्यंत जाऊन-येऊन पावणेचार मिनिटं लागत, हे तिने मोजून ठेवलं होतं. कळ कधी येईल याचा नेम नसे. तीन दिवस काही नाही आणि चौथ्या दिवशी सकाळपासून पोटात असा पीळ, की माइकसमोर ती एका हाताने टेबलाची कड धरून बसे. एकदा बटण अडकलं, माइक चालूच राहिला आणि सगळ्या स्थानकाने "आई गं, मेले!" ऐकलं. पाठोपाठ पळत जाणाऱ्या चपलांचा आवाज. दोन नंबरच्या फलाटावर एक म्हातारबाबा गाडी सुटली असं समजून बोचकं उचलून धावत सुटले. ही गोष्ट नियंत्रक पुढे सगळ्यांना हसून सांगायचा. ताईही हसायची, पण त्या दिवशी घरी येऊन ती रडली होती.

वडिलांनी मागे ठेवलं ते म्हणजे दोन खोल्या आणि हे पोट. वडिलांना तेच होतं, ताईला तेच आणि तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेल्या भावालाही थोडं तेच. त्यामुळे या घरात आजार म्हटलं की पोट. ताप आला तरी पोटामुळे, डोकं दुखलं तरी पोटामुळे. आई गेली तेव्हा ताई सोळा वर्षांची होती आणि भाऊ दहाचा. तेव्हा तिने त्याला बाळ्या म्हणायला सुरुवात केली आणि तो पन्नाशीला आला तरी थांबली नाही. लग्नासाठी स्थळं आली तेव्हा तिची एकच अट होती, बाळ्या बरोबर येईल. स्थळं येणं आपोआप बंद झालं. बाळ्याचंही राहून गेलं. त्याबद्दल दोघांनी कधी हळहळ केल्याचं कुणी ऐकलं नाही.

बाहेरच्या खोलीत बाळ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. उजव्या डोळ्याला भिंग लावून तो सकाळी नऊला बसला की मान वर करायचा ती जेवायलाच. चावीची जुनी घड्याळं, त्यांतली केसासारखी बारीक स्प्रिंग, डोळ्याला धड दिसत नाहीत असे स्क्रू, हे त्याचं राज्य होतं. पहिल्या कमाईतून त्याने ताईला एक चावीचं मनगटी घड्याळ आणलं होतं, तबकडी करंगळीच्या नखापेक्षा जरा मोठी. दरवर्षी एका ठरलेल्या रविवारी तो ते उघडायचा, पुसायचा, तेलाचा टिपूस सोडायचा आणि कानाला लावून म्हणायचा, "ऐक, खणखणीत आहे." स्थानकावर भिंतीएवढं घड्याळ समोर असताना ताई वेळ सांगायची ती मनगटावर बघूनच.

शेवटी नियंत्रकानेच एका डॉक्टरीणबाईंचं नाव सुचवलं. बाई वयाने ताईपेक्षा बऱ्याच लहान, पण घाई नावालाही नाही. तपासण्या झाल्या. "आतड्यात जखम नाही, गाठ नाही," बाई म्हणाल्या. "आतडं चिडखोर आहे. तुम्ही घाबरलात की ते आवळतं, ते आवळलं की तुम्ही घाबरता." खाण्याचं बदलून पाहिलं, चालणं लावून पाहिलं, थोडा फरक पडला. मग त्यांनी थोड्या दिवसांसाठी एक गोळी दिली. एकाच गोळीत दोन औषधं होती. एक आतड्याचा पीळ सोडवणारं, दुसरं मनातली घालमेल खाली आणणारं. देण्याआधी अर्धा तास नुसते प्रश्न. डोळ्यांत काचबिंदू आहे का? लघवी अडकते का? झोपेचं, दुखण्याचं, सर्दीचं दुसरं काही औषध चालू आहे का? दारू? गाडी चालवता?

ताई पडली घोषणा करणारी. तिने सगळं एका जाड कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. काचबिंदू असेल तर चालत नाही. लघवीची अडचण असेल तर चालत नाही. सोबत झोपेची गोळी नाही, दारू नाही. गुंगी वाटली तर गाडी चालवायची नाही. आपल्या मनाने वाढवायची नाही, आपल्या मनाने एकदम थांबवायची नाही. सहा आठवड्यांनी दाखवायचं. दुसऱ्याला द्यायची नाही. रोज सकाळी गोळी घेण्याआधी ती हे मोठ्याने वाचायची आणि बाहेरच्या खोलीतून बाळ्या ओरडायचा, "प्रवाशांनी लक्ष द्यावे, गोळी क्रमांक एक फलाटावर लागली आहे!"

गोळी मानवली. तोंड सुकायचं, पहिले दोन-चार दिवस डोळ्यांपुढे जरा धूसर वाटलं, पण पोट गप्प बसलं. कित्येक वर्षांनी ताईने कामाची अख्खी पाळी जिना न उतरता काढली. सहा आठवड्यांनी बाई म्हणाल्या, "आता कमी करायची. दोनावरून एक, मग एक दिवसाआड, मग बंद." ताईने ते काटेकोर पाळलं, आता ती रोज एकावर आली होती. आणि पाळलं म्हणूनच घरात एक अख्खी पट्टी उरली.

त्याच दिवसांत बाळ्याला एक पत्र आलं. तांत्रिक शिक्षण देणाऱ्या एका संस्थेने जुन्या घड्याळांचा वर्ग सुरू करायचं ठरवलं होतं, बारा प्रौढ माणसं, दर शनिवारी. शिकवायला तुम्हीच या, असं त्यांनी लिहिलं होतं. बाळ्याने ते पत्र तीनदा वाचलं, घडी करून भिंगाच्या डबीत ठेवलं, पुन्हा काढून वाचलं. आयुष्यभर लोकांनी त्याला 'किती दिवसांत होईल' एवढंच विचारलं होतं. 'तुम्हाला येतं ते आम्हाला शिकवा' असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

आणि मग पोटाने डोकं वर काढलं. पहिला वर्ग शनिवारी ठरला आणि सोमवारपासून सकाळी पाच-पाच खेपा. मंगळवारी तर तो दुकान अर्धं उघडं टाकून आत पळाला. "ताई, मी नाही जात," तो म्हणाला. "बारा माणसांसमोर मध्येच उठावं लागलं तर? तुझा तो म्हातारबाबा निदान एकटाच पळाला."

ताईने कपाट उघडलं. दाराच्या आत कागद होता, आपल्याच अक्षरातला, शेवटची ओळ अगदी डोळ्यांसमोर. तिने ती वाचलीही. पण दुसरा म्हणजे शेजारचा, दुसरा म्हणजे नियंत्रक. बाळ्या कुठला दुसरा? चतकोर केळं असलं तरी ते तिने त्याच्याबरोबर वाटून खाल्लं होतं. वडिलांचं तेच पोट, तोच पीळ, मग औषध का वेगळं? लघवीचं काही नाही ना, एवढं तिने विचारलं. डोळ्यांचं विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. जो माणूस दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवतो, त्याला डोळ्यांचं काय विचारायचं?

बुधवारी दोन, गुरुवारी दोन. पोट शांत झालं. बाळ्या खुशीत होता, वर्गात काय सांगायचं ते चिमटा हातात धरून ताईलाच शिकवत होता. गुरुवारी संध्याकाळी तो म्हणाला, "ताई, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय बघ."

"मलाही धूसर दिसायचं पहिल्यांदा," ताई म्हणाली. "जाईल दोन दिवसांत."

शुक्रवारी सकाळची गोळी तिनेच हातावर ठेवली आणि ती कामावर गेली. तीन वाजता पाळी संपवून आली तेव्हा दुकानाचं दार लोटलेलं होतं आणि बाळ्या आत डोकं धरून पडला होता. उजव्या बाजूने डोकं फुटतंय म्हणत होता. दोन वेळा उलटी झाली होती. उलटी म्हटल्यावर या घरात आणखी काय सुचणार? उद्याच्या वर्गाची धास्ती, दुसरं काय. डोळ्यांवर उजेड नको म्हणून तिने पडदे ओढून खोली अंधारी केली. कपाळावर ओलं फडकं ठेवलं. आणि पाण्याबरोबर त्याला आणखी एक गोळी दिली. ती उलटून पडली, तशी संध्याकाळी पुन्हा एक. पुढे तिला कळलं, की त्या डोळ्याला अंधार नको होता आणि ती गोळी तर मुळीच नको होती. त्या दिवशी तिने मायेने केलेली एकेक गोष्ट त्याच्या डोळ्यावर उलटत गेली. हे लिहितानाही हात थांबतो, मग तिचं काय झालं असेल?

शनिवारी सकाळी पडदा सारला तेव्हा बाळ्याचा उजवा डोळा लालभडक झाला होता आणि बुबुळावर वाफ धरल्यासारखी दिसत होती. "वर्गाला किती वाजता निघायचं?" त्याने विचारलं, आणि मग अगदी हळू, "ताई, या डोळ्याने तू दिसत नाहीयेस."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मिटलेल्या पापण्यांवर एकेक बोट ठेवून दाबून पाहिलं. उजवा डोळा गोटीसारखा टणक लागला असावा, कारण त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी स्वतः फोन करून डोळ्यांच्या इस्पितळात पाठवलं. तिथे थेंब, सलाईन, धावपळ. डोळ्यांचे डॉक्टर पांढऱ्या केसांचे होते, बोलायला मऊ. त्यांनी विचारलं, "गेल्या आठवड्यात कुठलं नवीन औषध घेतलंत?"

"काही नाही," बाळ्या म्हणाला.

खोटं बोलताना तो लहानपणापासून डाव्या हाताचा अंगठा मुठीत धरायचा. ताईने ती मूठ पाहिली. आपल्याला वाचवायला तो खोटं बोलतोय हे तिला कळलं, आणि क्षणभर, एकच क्षण, तिला वाटलं की बोलू नये. मग तिने पर्स उघडली आणि अर्धीअधिक रिकामी पट्टी टेबलावर ठेवली. "माझी गोळी आहे. पोटाची. मी दिली. काल तीन दिल्या."

डॉक्टरांनी पट्टी उलटून तिच्यावरचं नाव वाचलं. "बरं केलंत सांगितलंत," ते म्हणाले. "डावा डोळाही त्याच वाटेवर आहे, तो आता वाचवता येईल." मग बाळ्याकडे वळून, "तुमच्या डोळ्यांतली पाणी निचरायची जागा जन्मतःच अरुंद दिसते. आधी कुणी सांगितलं नव्हतं?"

बाळ्या म्हणाला, "चार वर्षांपूर्वी चष्म्याला गेलो तेव्हा म्हणाले होते. लेझरने एक बारीक छिद्र करून घ्या म्हणून. काचबिंदू झालाय असं नव्हते म्हणाले. होऊ शकतो म्हणाले होते."

रोज सकाळी हा माणूस बाहेरच्या खोलीतून तिचा कागद ऐकत होता. काचबिंदू असेल तर चालत नाही. रोज.

"मला का नाही सांगितलंस?" ताईने विचारलं.

"तुझं पोट बिघडलं असतं," तो म्हणाला.

 नंतर बाहेर व्हरांड्यात डॉक्टरांनी तिला समजावलं, की जागा अरुंद होती, हे पुढेमागे झालंही असतं, गोळीने आणि अंधाराने बाहुली फाकली, ती जागा बंद झाली आणि ती वेळ आली. काल दुपारी आला असतात तर बरंच वाचलं असतं, हेही त्यांनी सांगितलं, कारण तिने थेट तेच विचारलं होतं. दोन्ही डोळ्यांना लेझर झालं. डावा डोळा शाबूत राहिला. उजव्याला उजेड आणि सावली एवढंच उरलं. भिंग लावायचा डोळा तोच होता.

घरी आल्यावर ताईने स्वतःच्या गोळ्या संडासात टाकून पाणी ओतलं. दाराचा कागद फाडला. ज्याने बाळ्याचा डोळा नेला ते आपल्या पोटात जाता कामा नये, असा तिचा हिशेब. एकदम बंद करायची नाही हे तिला माहीत होतं, तिच्याच हाताने लिहिलेलं होतं. म्हणूनच केलं की काय कोण जाणे. चौथ्या दिवशी तिचे हात थरथरायला लागले, झोप उडाली, छातीत धडधड, पोटाचा पीळ दुपटीने परत आला. माइकसमोर बसून "फलाट क्रमांक" एवढं म्हटलं आणि पुढचा आकडाच येईना. स्थानकावरचे लोक माना वर करून कर्ण्याकडे बघत राहिले. नियंत्रकाने तिला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई रागावल्या, चांगल्याच रागावल्या. "शिक्षा करून घ्यायला औषध नसतं," त्या म्हणाल्या. "पुन्हा एक सुरू करा आणि यावेळी मी सांगेन तसं हळूहळू कमी करायचं." मग चिठ्ठी लिहीत, "गोळी वाईट नव्हती हो. तुमच्यासाठी विचारपूर्वक दिली होती. त्यांच्यासाठी कुणीच विचारलं नव्हतं." ताईला ते पटलं, पण पटल्याने दुखणं कमी होत नाही.

त्या दिवसापासून ताईची गोळी बाळ्याच्या ताब्यात गेली. सकाळी तो पट्टी डाव्या डोळ्याजवळ धरायचा, चिठ्ठीवरचं नाव वाचायचा आणि म्हणायचा, "ही तुझी. तुझ्या नावाची." घोषणेची थट्टा त्याने पुन्हा कधी केली नाही.

डाव्या डोळ्याला भिंग लावून त्याने पंधरा दिवस झटून पाहिलं. हात उजव्या डोळ्याला सरावलेले. एका डोळ्याने चिमट्याचं टोक आणि स्क्रू यांतलं अंतर कळेना. चिमटा स्क्रूच्या जरा अलीकडेच मिटायचा. एक स्प्रिंग वाकली, एक स्क्रू उडून गेला आणि तो गुडघ्यांवर बसून जमीन चाचपत राहिला. ताई दारात उभी होती. मदतीला जावं तर त्याला लागेल, न जावं तर पाहवत नाही. नंतर त्याने बारीक घड्याळं एकेक करून गिऱ्हाइकांना परत केली. "भिंतीवरची असतील तर आणा," म्हणायचा. संस्थेचं पत्र आलं, की प्रकृतीला आराम पडावा, तूर्त दुसरी व्यवस्था केली आहे. तेही त्याने घडी करून भिंगाच्या डबीत ठेवलं आणि डबी वरच्या फळीवर सरकवली.

ताईच्या घड्याळाचा रविवार इस्पितळाच्या धामधुमीत निघून गेला होता. तेल सुकलं तसं ते मागे पडायला लागलं, आधी दिवसाला पाच मिनिटं, मग बारा, मग वीस. स्थानकावर आता ती भिंतीवरच्या घड्याळात बघून बोलायची. आणि घरी निघण्याआधी, न चुकता, मनगटावरचे काटे पुढे ओढून वेळेवर आणायची. बाळ्याने संध्याकाळी "किती वाजले गं?" विचारलं की मनगट वर करून बिनदिक्कत सांगायची. असे चार महिने गेले. तिला वाटत होतं, त्याला ठाऊक नाही.

एका संध्याकाळी ती दुकानात त्याच्या शेजारच्या स्टुलावर, नेहमीसारखी उजव्या हाताला, चहाचा कप घेऊन बसली होती. बाहेर रस्त्यावर वर्दळ होती. बाळ्याने तिचा हात आपल्याकडे ओढला, मनगट कानाला लावलं आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

"रोज पुढे करतेस ना?" तो म्हणाला.

ताईने मनगट मागे घ्यायला पाहिलं.

"अडखळतंय. तेल पार सुकलंय, आता चाकं झिजतील. चौकापलीकडे एकजण बसतो, हात चांगला आहे त्याचा." त्याने तिचा हात सोडला नव्हता. "दुसऱ्याकडे दे, ताई."

चहा तिच्या हातात तसाच राहिला. चाळीस वर्षांत तिने या घरातलं काही दुसऱ्याकडे दिलं नव्हतं, आणि जे दुसऱ्याला द्यायचं नाही असं स्वतः लिहिलं होतं तेवढं मात्र दिलं होतं. तिने होकाराची मान हलवली.

बाळ्या वाट बघत होता. "देशील ना?" त्याने पुन्हा विचारलं.

आपण त्याच्या उजव्या बाजूला, न दिसणाऱ्या डोळ्याकडे बसलोय, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं. एकतीस वर्षं माइकसमोर कमावलेला सगळा आवाज तिने गोळा केला आणि म्हणाली, "देते."